दुपारी दुकानात वाचलेली माणसं

एका गिऱ्हाईक बाईने आमच्या दुकानातून नेलेली चंदेरी साडी परत आणली. पदरावर हळदीचा डाग होता. तो दुकानातूनच आला, असं तिचं म्हणणं. सासूबाईंनी वाद घातला नाही, साडी ठेवून घेतली आणि तिला दुसरी दिली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुझ्या त्या फोनमध्ये बघ, हळदीचा डाग कसा काढतात ते.

नवापूरच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान आहे. सासरे होते तेव्हापासून सासूबाई गादीवर बसतात. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. घरात मारवाडी बोलतो, पण बाईंचं माहेर दोंडाईच्याकडचं, त्यामुळे गादीवर बसल्या की त्यांच्या तोंडी अहिराणीच येते. माझा नवरा माल आणायला सुरतेला जातो तेव्हा दुकान आम्हा दोघींवर असतं. सकाळी आणि संध्याकाळी गर्दी असते. दुपारी मात्र रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पंखा चालू असतो, बाई लोडाला टेकून डोळे मिटतात आणि मी फोन बघत बसते.

डाग काढायचे उपाय शोधताना मला आधी तेच ते सापडलं. लिंबू लावा, सोडा लावा, खाली साबणाची जाहिरात. मग एक साधं पान उघडलं. कुठल्याशा शहरातल्या एका बाईने आपल्या मुलीच्या साखरपुड्यात खराब झालेले रुमाल घेऊन बसून एकेक उपाय करून पाहिला होता आणि काय झालं ते लिहिलं होतं. लिंबाने डाग पसरला, सोड्याने तो लाल झाला, मग ती वैतागली, रुमाल तसेच ओले वाळत टाकून झोपली आणि उठून पाहते तर उन्हाने डाग खाल्ला होता. तिने लिहिलं होतं ते वाचताना वाटत होतं की ती शेजारच्या ओट्यावर बसून सांगते आहे. मी साडीचा पदर धुऊन गच्चीवर उन्हात घातला. संध्याकाळपर्यंत डाग फिका झाला, दुसऱ्या दिवशी दिसेनासा झाला.

त्या बाईचे आभार मानावेत म्हणून मी परत तिच्या ब्लॉगवर गेले. आभार मानायला जागा सापडली नाही, पण तळाशी एक लिंक होती. तिथे दाबलं आणि एक अगदी साधं पान उघडलं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, एकाखाली एक मथळे, एवढंच. फोटो नाहीत, जाहिराती नाहीत, कोणाला किती जणांनी पाहिलं त्याचा हिशेब नाही. कोणीतरी हौसेने जगभरातल्या लोकांचे स्वतःचे ब्लॉग एकत्र जोडून ठेवले होते. त्यांच्यापैकी कोणीही काही नवं लिहिलं की ते इथे सगळ्यात वर येऊन बसायचं. दुसरं काही लिहिलं गेलं की ते खाली सरकायचं.

पहिल्या दिवशी मी उगाच एक मथळा दाबला. केरळातल्या एका विद्यार्थ्याच्या न्हाणीघराच्या मोरीत बेडूक राहायला आला होता. हा मुलगा आंघोळीला जाताना दार वाजवून जायचा, म्हणजे बेडकाला बाजूला व्हायला वेळ मिळावा. त्याखालचा मथळा कुठल्या तरी डोंगराळ देशातल्या बसचालक बाईचा होता. घाटातल्या कोणत्या वळणावर प्रवाशांना झोप लागते आणि कोणत्या वळणावर ते जागे होतात, हे तिने आरशातून टिपलं होतं. मग मेलेल्या मावशीची बटणांची डबी आवरणारा एक जण. मग एक हिंदी लिहिणारा, त्याने सगळं पानभर एवढंच सांगितलं होतं की आज त्याच्या गल्लीत काही घडलं नाही, आणि काही न घडणं दिसतं कसं ते.

बरंचसं इंग्रजीत असायचं. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी बी.कॉम.पुरतं. अडलं की फोनला भाषांतर करायला लावायचे. त्याचं मराठी कधी कधी विनोदी असायचं, पण अर्थ कळायचा.

या लोकांना मला काही विकायचं नव्हतं, काही शिकवायचंही नव्हतं. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सकाळपासून फुलं, दिवे आणि सुविचार येतात, त्यांपैकी एकही पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला नसतो. इथे प्रत्येक ओळ कोणीतरी बसून लिहिलेली होती. पुढचा मथळा कोणाचा असेल, हे आधी कळायला मार्ग नव्हता. मला त्याचंच कुतूहल लागलं. दुपार कधी होते आणि ते पान कधी उघडते, याची मी वाट बघू लागले.

एकदा वाचता वाचता मला हसू आलं आणि बाईंनी एक डोळा उघडून विचारलं, काय झालं. मी त्यांना बेडकाची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या लोडाला टेकल्या नाहीत. बेडकाचं पुढे काय झालं, म्हणाल्या. पुढचं काही आलेलं नव्हतं, म्हणून मी बसचालक बाईचं सांगितलं. तेव्हापासून तो आमचा क्रमच झाला. मी वाचायचे, मग मारवाडीत, अहिराणीत, जसं जमेल तसं त्यांना सांगायचे, आणि त्या मध्ये मध्ये प्रश्न विचारायच्या. त्यांचे प्रश्न मला कधी सुचले नसते. बसचालक बाईचा नवरा जेवण करून ठेवतो का? मावशीच्या डबीत सगळ्यात जास्त बटणं कोणत्या रंगाची होती? पुष्कळदा उत्तर लिहिलेलं नसायचं आणि आम्ही दोघी अंदाज बांधत बसायचो.

अशात एक दिवस बेटावरचा माणूस आला.

स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात काही बेटं आहेत, त्यांपैकी एकावर तो राहत होता. आयुष्यभर बोटीवर नोकरी केली, आता घरी होता. बायको वारली होती. तिने त्याच्यासाठी विणलेले लोकरीचे स्वेटर कपाटात होते आणि एकेकाला कोपरावर, बगलेत भोकं पडायला लागली होती. टाकून द्यायचं मन होत नव्हतं म्हणून त्याने सुई हातात घेतली होती. एकेक स्वेटर दुरुस्त करायचा आणि त्याबद्दल लिहायचं, असं त्याने ठरवलं होतं. दुःखाचं त्यात फारसं नव्हतं. हा स्वेटर बायकोने कोणत्या हिवाळ्यात विणला, तेव्हा त्यांचं कशावरून भांडण चाललं होतं, आणि आता तिथे भोक कसं पडलं, असं तो सांगायचा. सोबत कामाचा फोटो. तो फोटो पाहून मलासुद्धा कळलं की हा रफू बिघडला आहे. भोकाच्या जागी कापड गोळा होऊन गाठोडं झालं होतं.

मी फोन बाईंपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ बघितलं.

आमच्या दुकानात नव्या थानात, म्हणजे कापडाच्या ताग्यात, कुठे बारीक भोक निघालं तर बाई स्वतः रफू करतात. सासऱ्यांनी त्यांना लग्नानंतर शिकवलं होतं. रफू झालेली जागा मला बोट ठेवून दाखवली तरी सापडत नाही.

"त्याले सांग," बाई म्हणाल्या, "धागा इतला ताणू नको. वयताना थोडासा ढिल्ला सोड."

म्हणजे टाका परतताना कडेला धाग्याचा बारीकसा फास मोकळा ठेवायचा, नाहीतर धुतल्यावर धागा आकसतो आणि कापडाला ओढतो. मी म्हटलं, बाई, तो मला ओळखत नाही, मी कसं सांगू? त्यांना ही अडचण समजली नाही. त्याने सगळ्या जगाला आपल्या घरातलं सांगितलं आहे, मग आपण एवढं सांगितलं तर काय बिघडलं, असं त्या म्हणाल्या. त्याच्या पानावर ईमेलचा पत्ता होता. मी एक मेल लिहिलं. आम्ही कोण, दुकान कुठे, हे सांगताना त्याला गंमत वाटेल म्हणून हेही लिहिलं की आमच्या गावच्या स्टेशनवर अर्धा बाक महाराष्ट्रात आहे आणि अर्धा गुजरातेत. मग बाईंची युक्ती लिहिली, कागदावर फासांचं चित्र काढून त्याचा फोटो जोडला.

त्याचं उत्तर लवकर आलं. फार नम्रपणे लिहिलेलं होतं. त्याने सांगितल्याप्रमाणे करून पाहिलं. कापड आता गोळा होत नाही, पण कडेचे फास बाहेर लोंबतात आणि स्वेटर घालताना बोटांत अडकतात. त्याने फोटो पाठवला होता. खरंच, कोपराभोवती मिशा फुटल्यासारखं दिसत होतं.

बाईंना ते मुळीच आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या त्या हातात माझ्या नवऱ्याचा लोकरीचा स्वेटर घेऊन. नवरा सुरतेला गेला होता. गादीवर बसून बाईंनी शांतपणे कात्री घेतली आणि स्वेटरच्या कोपराला चांगलं रुपयाएवढं भोक पाडलं.

हे काय करता, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, भोक नसेल तर शिकायचं कशावर?

पुढचे कित्येक दिवस दुपारी आमच्या गादीवर तो स्वेटर पसरलेला असायचा. बाईंनी आधी सुती रफू करून पाहिला, तो लोकरीवर ताठ बसला. मग दोऱ्याऐवजी लोकर घेतली, सुई बदलली. विणलेलं कापड ताणलं की जाळीसारखं उघडतं आणि सोडलं की मिटतं, थानाचं कापड तसं करत नाही, हे त्यांना हाताने समजलं. एकदा तर त्यांनी सगळं उसवलं आणि स्वेटर दूर सारला. मग परत ओढून घेतला. गावातली एक शिक्षिका साडीला फॉल लावायला द्यायला आली होती, तिला विणकाम येत होतं. बाईंनी तिला अर्धा तास बसवून घेतलं. माझा नवरा परत आला, त्याने स्वेटर पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि चहा सांगायला बाहेर गेला.

शेवटी बाईंना जमलं. फास मोकळे ठेवायचे, पण भोकाच्या कडेला न ठेवता चांगल्या विणीत थोडं आत शिरून, म्हणजे तिथली लोकर त्यांना झाकते. मी पुन्हा मेल लिहिलं, शिकण्यासाठी बाईंनी मुलाचा स्वेटर कसा फाडला तेही सांगितलं. या वेळी बाईंनी मला त्यात एक वाक्य घालायला लावलं: "आते माले समजनं, लोकरनं काम येगळं शे." लोकरीचं काम वेगळं असतं हे आता कळलं, असं मी ते इंग्रजीत घातलं. पहिल्यांदा आपण चुकीचं सांगितलं, असं बाईंनी कुठे म्हटलं नाही, पण त्या वाक्यात ते होतं.

बेटावरच्या माणसाने विचारलं की तुमच्याबद्दल लिहिलं तर चालेल का. आम्ही नाव नको म्हटलं, बाकी चालेल. त्याने लिहिलं. एका गावात स्टेशनचा बाक दोन राज्यांत आहे, त्या गावात एका कापडाच्या दुकानात एक बाई बसतात, त्यांनी मुलाचा धडधाकट स्वेटर माझ्यासाठी फाडला. त्याखाली त्याच्या नव्या रफूचा फोटो होता. अजून थोडा उंचवटा होता, पण सुरेख होता. मी तो मथळा त्या साध्या पानावर सगळ्यात वर पाहिला. आमची गोष्ट बेडकाच्या आणि बसचालक बाईच्या रांगेत बसली होती. थोड्या वेळाने कोणीतरी भाजलेल्या पावाबद्दल लिहिलं आणि ती एक ओळ खाली गेली.

मला वाटलं होतं, झालं, एवढंच.

त्यानंतर काही दिवसांनी भर दुपारी एक मुलगी दुकानात आली. पंचविशीची असेल, पाठीला सॅक. तिने अस्तराचं कापड मागितलं, मी मापून दिलं. तरी ती जाईना. थानांकडे बघत उभी राहिली. मग गादीकडे बघून हळूच म्हणाली, "रफूवाल्या बाई आठेच बठतस का?"

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. कोणी सांगितलं तुला, असं विचारलं. मुलीने फोन काढून बेटावरच्या माणसाचं पान दाखवलं.

ती शहादा तालुक्यातल्या कळसाडीची होती. तीही ते साधं पान रोज बघायची. बाकाचं वाचलं आणि खानदेशातल्या कोणालाही कळावं तसं तिला गाव कळलं. मावसबहिणीकडे नवापूरला यायचंच होतं, तेव्हा बाजारात प्रत्येक कापडाच्या दुकानात डोकावत आली. अस्तर तिला नकोच होतं, पण एकदम कसं विचारायचं म्हणून घेतलं.

इतके दिवस मी केरळ, स्कॉटलंड, कुठली कुठली घरं आतून बघत होते. तीच घरं बघणारं आपल्याच जिल्ह्यात, आपल्या एस.टी.च्या टप्प्यात कोणी असेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं. मी तिला किती प्रश्न विचारले! बेडकाचं वाचलं होतंस का? वाचलं होतं. बेडूक पुढे निघून गेला आणि तो मुलगा अजून दार वाजवून आत जातो, हे तिने आम्हाला सांगितलं. ते आमच्या नजरेतून सुटलं होतं. बाईंना फार बरं वाटलं.

मग तिने सांगितलं की ती स्वतःही लिहिते. मराठीत. कशाबद्दल, तर तणाबद्दल.

"तन?" बाई म्हणाल्या. "तन ते उपटीसन फेकी देतस. त्यानावर काय लिखानं?"

मुलगी हसली. "फेकतस, पन फेकाना पहिले कोनी तरी त्याले नाव देयेल ऱ्हास ना. मी ती नावं गोळा करी ऱ्हायनू."

मी तिचा ब्लॉग तिथेच उघडला. तिच्या घरच्या कपाशीत निंदणीला डोंगराकडच्या बायका येतात. एकाच रोपाला तिची आई एक नाव घेते, त्या बायका भिलीत दुसरं घेतात, पावरी बोलणारी एक जण तिसरं, आणि पुस्तकात चौथंच असतं. कोणतं जनावर खातं, कोणतं खात नाही, कशाची भाजी होते, कशाच्या पाल्याने जखम भरते. एका पोस्टमध्ये तिने फक्त निंदताना बायका कोणतं तण मुद्दाम चुकवून मागे ठेवतात आणि जाताना पदरात बांधून नेतात, ते लिहिलं होतं. मी दोन-तीन पोस्ट मोठ्याने वाचल्या. बाई आता लोडापासून पुढे सरकून बसल्या होत्या.

तिने मला विचारलं, तुम्ही का नाही लिहीत? दुकानात रोज इतकं घडतं. मी थोडा विचार केला. मला खरंच तसं कधी वाटलं नव्हतं. मी म्हटलं, मला वाचायचीच हौस आहे गं. तिने ते पटल्यासारखं मान हलवली आणि म्हणाली की तिच्या पोस्ट कोणी वाचतं की नाही, हे तिला आजपर्यंत माहीत नव्हतं.

निघताना तिने आम्हाला कळसाडीला बोलावलं. लोक बोलावतात तसं बोलावलं असेल, पण बाईंनी लगेच कधी येऊ ते विचारलं. दिवाळीनंतर कापूस फुटला की या, ती म्हणाली.

दिवाळीची गर्दी ओसरल्यावर नवऱ्याने एक दिवस दुकान सांभाळलं आणि आम्ही दोघी निघालो. नंदुरबारला गाडी बदलली, प्रकाशा गावाजवळ तापीचा पूल ओलांडला, शहाद्याच्या स्टँडवर ती मुलगी स्कूटी घेऊन उभी होती. बाईंसाठी तिने रिक्षा सांगून ठेवली होती. रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस होता. तिच्या घरी चहा झाला आणि तिची आई आम्हाला शेतात घेऊन गेली.

बाई कपाशीच्या कडेला जाऊन थांबल्या. झाडं त्यांच्या कमरेइतकी होती, बोंडं उमलली होती. त्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला आणि तिच्या आईला विचारलं, तोडू का? तोडा की, ती म्हणाली. बाईंनी एका बोंडातला कापूस चिमटीत धरून ओढला. तो सहज आला. त्यांनी तो उलटा केला, आतली सरकी दाबून पाहिली, बोटांमध्ये थोडासा पीळ दिला. ज्या सराईत हाताने त्या कापड तपासतात, तो हात इथे अगदी नवखा झाला होता.

"मी जिंदगीभर सुती कापड इकं," त्या मुलीच्या आईला म्हणाल्या, "पन झाडवरना कापूस आज देखी ऱ्हायनू."

आई हसली नाही. ती म्हणाली की तिने जन्मभर कापूस वेचला, पण तो गाडीत भरून गेला की पुढे त्याचं काय काय करतात, हे तिने कधी पाहिलं नाही. मग त्या दोघी बांधावर बसल्या आणि एकमेकींना सांगू लागल्या. एक वेचणीपासून जिनिंगच्या गाडीपर्यंत, दुसरी थानापासून गिऱ्हाइकापर्यंत. मधला भाग दोघींनाही नीट माहीत नव्हता, तिथे त्या अंदाज बांधत होत्या.

मी मुलीबरोबर ओळींमधून हिंडले. तिने मला केना दाखवला, निळ्या फुलाचा, पाण्याच्या पाटाजवळ अजून हिरवा होता. एकदांडी दाखवली. एका रोपाजवळ ती बसली आणि म्हणाली की याचं नाव तिला अजून कोणाकडून मिळालेलं नाही, आई याला नुसतं 'ते' म्हणते. मी त्याचा फोटो काढला. बेटावरच्या माणसाला पाठवू का, असं विचारलं. त्याच्याकडे हे रोप असणं शक्य नव्हतं, पण ती म्हणाली पाठवा.

परत निघताना तिच्या आईने केन्याची पानं खुडून बाईंच्या पिशवीत घातली आणि भजी कशी करायची ते सांगितलं. बेसनात ओवा टाका, पानं चिरू नका, अख्खी बुडवा. बाईंनी ते दोनदा विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी भजी केली. नवऱ्याने एक खाल्लं, दुसरं खाल्लं, आणि हे कशाचं म्हणून विचारलं. मी सांगणार होते, पण बाईंनी मला थांबवलं. त्याच्या ताटात आणखी दोन भजी वाढून त्या समोर बसल्या आणि त्यांनी अगदी बेडकापासून सांगायला सुरुवात केली.